धावेवरची शाळा

जयसिंगराव शेळक्यांच्या मळ्यात शाळा भरायची ती विहिरीच्या धावेवर. घंटा नाही, फळा नाही, हजेरी नाही. विद्यार्थी एकच, त्यांची मुलगी भानुमती. आणि न मोजलेले आणखी दोन, दिवाण आणि बक्षी. हे दोघे बैल. होळकरांच्या रिसाल्यात दफेदारी केलेल्या माणसानं बैलांना ही नावं उगाच ठेवली नव्हती. रिसाला मोडला तेव्हा खरे दिवाण-बक्षी आपापल्या बंगल्यांत सुखरूप राहिले, आणि दफेदाराच्या वाट्याला आली सांवेरच्या वाटेवर रतनखेडीतली बारा बिघे जमीन आणि घोड्यावरून पडून मोडलेला उजवा गुडघा. तेव्हा निदान मोटेला तरी दिवाण-बक्षी जुंपावेत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

शाळेची रीत अशी. विहिरीत मोट भरली की बैल धावेच्या उतारावरून खाली निघायचे आणि भानू मोटेच्या ताणलेल्या नाड्यावर, त्या जाड दोरावर, बसायची, म्हणजे तिचा भार बैलांच्या कामी यायचा. जयसिंगराव, म्हणजे तिचे आबा, वर थारोळ्यापाशी उभे राहून प्रश्न टाकायचे, "सत्तावीस चोक?" तळाला बैल थांबले की वर मोट थारोळ्यात भडभडून रिकामी व्हायची. भानू नाड्यावरून उडी टाकायची आणि पाऊल जमिनीला लागताच ओरडायची, "एकशे आठ!" आबा म्हणायचे, "बरोबर," की बैल मागल्या पावलांनी धाव चढायला लागायचे आणि त्यांच्याबरोबर भानूही मागं मागं. आवाज बारीक निघाला तर आबा कानामागे हात धरायचे, "ऐकू नाही आलं, शिपाई!"

सात वर्षं हे असंच चाललं होतं. भानू सातची चौदाची झाली. बैलांनाही विद्या लागली. 'बरोबर' हा शब्द कानी पडल्याशिवाय दोघे तळावरून हलेनात. शेपटी पिळा, शिव्या घाला, ढिम्म. एकदा शेजारच्या मांगीलाल पटेलानं आपल्या विहिरीवर त्यांना मागून नेलं आणि अर्ध्या तासात धापा टाकत परत आला. "दफेदार सा'ब, तमारा बैल तो मास्टर निकल्या! चालेज नी!" शब्द कळल्यावर तो दिवसभर विहिरीवर "बरोबर, बरोबर" ओरडत होता आणि अख्खं गाव हसत होतं.

बिघडलं ते मे महिन्यात. इंदूरला तुकोगंजात भानूची मावशी होती, सुलोचना. तिच्याकडे आठ दिवस राहून मायलेकी परत यायच्या होत्या आणि त्यांना न्यायला आबा आले होते. मावशीची बेबी भानूच्याच वयाची, नववीत जायची. तिनं वही आबांसमोर धरली. "काका, जरा देखो ना, ह्यात एक्स काढायचाय."

आबांनी चष्मा लावला. वही जवळ धरली, लांब धरली.

"हिशेबात अक्षरं कशाला आली?" ते म्हणाले.

बेबी हसली नाही, पण तिनं वही फार सावकाश मिटली. ते सावकाशपण भानूला हसण्याहून जास्त लागलं. त्या दिवसापासून भानूच्या पायांना स्वस्थता नव्हती. ती कारण नसताना बांधावरून सडकेपर्यंत जायची, बस गेली की परत यायची, पुन्हा जायची. नाड्यावर बसली तरी तिचं लक्ष प्रश्नात नसायचं, कारण प्रश्न तिला आधीच माहीत असायचे. वर्षभर आबा तेच ते फिरवून विचारत होते. तिला अक्षरांचे हिशेब पाहिजे होते. आणि ते आबांना कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं.

आईनं सांगून टाकलं. इंदुमतीबाई उसात पाणी धरून आल्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तुमची विद्या संपली. आता तर बक्षीसुद्धा सांगेल सत्तावीस चोक किती ते. पोरीला हायस्कुलात घाला."

"चार मैल. आणि मोट कोण हाकेल? हा गुडघा?"

"मी हाकेन."

"आणि पाणी कोण धरेल?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली. जुलै लागला होता आणि आभाळ नुसतंच कोरडं गडगडत होतं. उसाची पानं सुरळी होऊन उभी होती. एक दिवस मोट थांबली तर दुसऱ्या दिवशी उसावर दिसत होतं.

"पाऊस पडू दे, मग बघू," आबा म्हणाले.

"पंधरा तारखेला नाव घेणं बंद होतं. पावसाला विचारलंत का, त्याला तारीख माहीत आहे का म्हणून?"

आबा ताटावरून अर्धपोटी उठले. पण दहा तारखेला सकाळी त्यांनी ट्रंकेतून खाकी कोट काढला, पितळी गुंड्या राखेनं घासल्या आणि म्हणाले, "चल, भानू. बघू दे त्यांना, घरी काय शिकवलंय ते."

सांवेरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर अच्युत पाध्ये इंदूरहून बदलून आले होते. बारीक अंगाचे, चेहऱ्यावर सदा थकवा. घरी शिकलेल्यांची परीक्षा ते स्वतः घेत आणि मग नाव दाखल करीत. आबा दारात ताठ उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बस, बेटा," मास्तर भानूला म्हणाले. भानू बाकावर बसली. बाक गुळगुळीत होता, हलत नव्हता, कुठं जात नव्हता. नाड्यासारखी त्याला ओढ नव्हती. तिनं दोन्ही हातांनी कड धरली.

"सोळा नवे?"

काही येईना. आकडा तिला ठाऊक होता, तो आत कुठंतरी बसला होता आणि वर येत नव्हता. मास्तर वाट बघत होते. मग तिला राहवलं नाही. ती टुणकन उठली, एक पाऊल मागे टाकलं आणि ओरडली, "एकशे चव्वेचाळीस!"

मास्तर दचकले. "हळू. बैठो, बैठो. पानिपतची तिसरी लढाई?"

ती बसलीच नव्हती. आणखी एक पाऊल मागे. "सतराशे एकसष्ट!"

'बरोबर' कोणी म्हणालं नाही. मास्तर नुसतीच खूण करून पुढं विचारत होते, त्यामुळे प्रत्येक उत्तर तिला अर्धंच राहिल्यासारखं वाटत होतं. "एक हौद. एक नळ चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर?"

दोन पावलं मागे. "दोन तास चोवीस मिनिटं!"

खिडकीत मुलं जमली होती. एकानं तिच्यासारखंच एक पाऊल मागे टाकलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले. भानूचे कान तापले, पण थांबता येईना. आठव्या प्रश्नाला तिची पाठ भिंतीला लागली. भिंतीवर नकाशा टांगलेला होता, त्याची खालची काठी खडखडली. मागं जायला जागा उरली नव्हती.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. तुझ्या पाठीमागे आहे तो नकाशा कशाचा?"

भानूनं वळून पाहिलं. "मध्य प्रदेशचा."

"राजधानी?"

तिला माहीत होतं. मांगीलालच्या घरी रेडिओ होता. रोज संध्याकाळी तो सगळ्या आळीला ऐकवत असे. पण दारात आबा उभे होते आणि हा शब्द त्यांच्या मळ्यात आजवर कोणी काढला नव्हता. ती खाली बघत उभी राहिली.

"त्याचं असं आहे साहेब," दारातून आबा म्हणाले, "भूगोल मी शिकवला नाही. आधी होळकर राज्य होतं, त्याचा नकाशा मी पाठ केला होता, नदी-नाल्यांसकट. तो पुसला. मध्य भारत झाला. म्हटलं असू दे, निदान उन्हाळ्यात तरी राजधानी इंदूर होती. तोही पुसला. मग मी पोरीला म्हटलं, नकाशा ठरू दे, मग शिकवतो."

खिडकीतली मुलं आता मोकळेपणानं हसली. मास्तर हसले नाहीत. "दफेदारसाहेब, नकाशा ठरलाय. तीन साल हो गए."

आबांचा हात कोटाच्या गुंडीवर गेला आणि तिथंच राहिला.

"मुलगी हुशार आहे," मास्तर म्हणाले. "पण नववीत चाळीस मुलं आहेत. प्रत्येक जण मागं सरत गेला तर मी वर्ग भरवू कुठे, रस्त्यावर? पंधराला सकाळी या. लेखी पेपर देतो. दोन तास, बाकावर बसून. उठली की पेपर घेणार. भूगोलही विचारणार."

परतीच्या चार मैलांत आबा एकदाच थांबले. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गुडघा दाबत बसले आणि म्हणाले, "बसून काय विद्या येते? बसून फक्त वजन वाढतं." भानूनं त्यांची चप्पल सरळ करून दिली. आपल्यामुळे आबांना लोक हसले, याची तिला लाज वाटत होती. पण लाज वाटत असतानाही आपल्याला तिथं जायचंच आहे हेही तिला पक्कं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोट सुरू झाली. दुपारी बैल सोडल्यावर आईनं तिला पाटावर बसवलं, मांडीवर मुगानं भरलेलं सूप ठेवलं. "एक दाणा सांडता कामा नये. सोळा नवे?" भानूची मांडी थरथरू लागली, टाच आपोआप जमीन खरवडू लागली, आणि उत्तर ओठावर आलं तेव्हा मूग चुलीपर्यंत गेले होते. तीनदा वेचले. चौथ्यांदा आई म्हणाली, "अगं, तुला बसायला सांगितलंय, सुळावर चढायला नाही!" आणि मग दोघी मूग वेचता वेचता हसत सुटल्या. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर भानूला रडू आलं. दिवस चारच उरले होते.

त्याच्या पुढच्या सकाळी ती मोटेवर गेली तर नाड्यापाशी आबा उभे होते. हातात आसूड, डोक्याला पंचा.

"तू थारोळ्यावर बैस," ते म्हणाले.

"आबा, गुडघा..."

"बैस म्हटलं ना."

थारोळ्याच्या कडेला एक चौकोनी धोंडा होता. भानू त्याच्यावर बसली. बैल निघाले. नाड्यावर बसलेले आबा तिला फार म्हातारे दिसले, एक पाय वाकत नाही म्हणून समोर काठीसारखा ताठ धरलेला. "तेवीस सक?" उतारावरून त्यांनी विचारलं. तळ आला. मोट तिच्या शेजारी ओतली गेली, पाणी पायावर उडालं. आबा खाली उतरले, दुखरा पाय जमिनीला लागताच त्यांचं तोंड वाकडं झालं. बैल उभे. आबा उभे. भानू बसलेली.

ती उठायला गेली.

"उठायचं नाही!"

ती पुन्हा बसली. ऊन वर चढत होतं आणि खाली, चाळीस हात लांब, आबा दिवाणाच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उभे होते. ती उत्तर देत नव्हती म्हणून. ती जितका उशीर करील तितका वेळ तो गुडघा तिथं उभा राहणार होता. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

"एकशे... अडतीस."

"ऐकू नाही आलं, शिपाई!"

"एकशे अडतीस!"

"बरोबर." बैल मागे सरले, आणि त्यांच्याबरोबर आबा, एकेक पाऊल लंगडत, मागल्या मागे चढण चढत वर आले. वर पोचल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुढला."

त्या दिवशी साठ मोटा झाल्या. पहिल्या दहांना आबा तळाला फार वेळ उभे राहिले. दुपारपर्यंत तो वेळ निम्म्यावर आला. तिसऱ्या दिवशी बैल थांबायच्या आत उत्तर येऊ लागलं आणि भानूच्या पायांनी तक्रार बंद केली. आबांचा गुडघा सुजून मडक्याएवढा झाला होता. आई रात्री त्याच्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि एक अक्षर बोलायची नाही. बोलली तर ते थांबतील, अशी तिला भीती होती. भानूनं मांगीलालच्या मुलीकडून भूगोलाचं फाटकं पुस्तक आणलं होतं, ते ती गोठ्यात बसून वाचायची.

पंधराला आई तिच्याबरोबर गेली. मोट बंद ठेवता येत नव्हती, आबा मळ्यातच राहिले. पेपर पुढ्यात आला तेव्हा भानूचे पाय एकदा सळसळले. खिडकीत तीच मुलं होती, तोच एक जण पाऊल मागे टाकून दाखवत होता. तिनं खिडकीकडे पाहिलं नाही. प्रत्येक प्रश्नाशी तिला धावेचा तळ दिसला आणि तिथं एका पायावर उभे असलेले आबा. लवकर, लवकर, असं म्हणत तिनं एकामागून एक उत्तर लिहून त्यांना वर आणलं. शेवटून दुसरा प्रश्न राजधानीचा होता. तिनं 'भोपाळ' लिहिलं, आणि आबांच्या कोटाच्या खिशातून काहीतरी चोरल्यासारखं तिला वाटलं. पण लिहिलं. दोन तास ती उठली नाही. घंटा झाल्यावर उठली तेव्हा पाय बधिर होऊन ती बाकावरच कलंडली.

मास्तरांनी पेपर तिथंच तपासला. आई पदराचं टोक पिळत उभी होती.

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "नववी अ. आणि दफेदारसाहेबांना माझा नमस्कार सांग."

घरी आबांनी ऐकलं आणि नुसती मान हलवली. मग बराच वेळ बैलांच्या अंगावरून हात फिरवत बसले. ठरलं ते असं: पहाटेच्या वीस मोटा भानूच्या, मग शाळा. पुढच्या आबांच्या, आणि पाणी आईनं धरायचं. पाऊस पडेपर्यंत. पाऊस कधी पडेल ते कोणी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर भानू चार मैल जवळजवळ पळतच आली. वर्गात ती हलली नव्हती, आणि दिवसभराचं सगळं हलणं तिच्या पायांत साठलं होतं. पाठीवर पिशवी, पिशवीत नवं पुस्तक. बांधावरून तिला दिसलं, मोट चालू होती, पण फार हळू. आबा नाड्यावर बसून स्वतःच विचारत होते, "अठरा साते?" तळाला उतरून स्वतःच सांगत होते, "एकशे सव्वीस." आणि मग जरा थांबून, कोणीतरी म्हणावं अशी वाट बघून, शेवटी बैलांसाठी स्वतःच म्हणत होते, "बरोबर." एवढ्या मोठ्या मळ्यात तो एकटाच आवाज होता.

ती धावत जाऊन थारोळ्याच्या धोंड्यावर बसली आणि तिनं पिशवीतून पुस्तक काढलं.

"आबा, मी विचारू?"

आबांनी वर पाहिलं. मिशीवर घाम होता. "काय विचारणार?"

"आज शिकवलं ते."

मोट भरली. बैल निघाले. भानूनं पुस्तक उघडलं, नकाशाचं पान. आवाज कापू नये म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "मध्य प्रदेशची राजधानी?"

नाडा ताणला गेला, चाक कुरकुरलं, बैल तळाला पोचले. पाणी थारोळ्यात कोसळून पाटाला लागलं. आबा गुडघ्यावर हात ठेवून खाली उतरले.

"इंदूर," ते म्हणाले.

भानू काही बोलली नाही. दिवाणानं कान मागे टाकले. बक्षीनं शेपटी एकदा झाडली. दोघे उभे.

"उन्हाळ्यातली," आबा म्हणाले.

उसातून आईचा आवाज आला, "अहो, पाणी तुटलं! काय चाललंय तिथं? सांगून टाका ना!"

आबांनी भार दुसऱ्या पायावर घेतला आणि तोंड वाकडं केलं. भानूला ते बघवेना. एक शब्द म्हटला की झालं असतं, बैल सरले असते, आबा वर आले असते. पण सात वर्षांत आबांनी तिच्या चुकीच्या उत्तराला एकदाही 'बरोबर' म्हटलं नव्हतं, ती लहान होती, दमली होती, रडत होती तेव्हासुद्धा. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि ती बसून राहिली.

खूप वेळानं आबा जमिनीकडे बघत पुटपुटले, "भोपाळ."

भानूनं कानामागे हात धरला. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं.

"ऐकू नाही आलं, शिपाई!"

आबांनी मान वर केली. मग मिशी हलली. त्यांनी बैलाच्या खांद्यावरचा हात काढला, पाय जुळवले, दुखरा गुडघा जेवढा सरळ होईल तेवढा सरळ केला आणि परेडच्या आवाजात सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "भोपाळ!"

"बरोबर," भानू म्हणाली, आणि दिवाण-बक्षी मागे सरू लागले.